पुण्यात वन बीएचके की नाशिकमध्ये टू बीएचके? लहान शहरात घर घेण्याआधी कुठलं गणित मांडायला हवं?

दिवाळीला गावाकडे निघालं की शहराच्या वेशीवरच होर्डिंग्ज दिसायला लागतात. प्रशस्त टू बीएचके, दोन बाल्कन्या, समोर बाग आणि खाली ठळक अक्षरांत किंमत. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारा तिशीतला माणूस तो आकडा वाचतो आणि मनातल्या मनात हिशोब सुरू होतो. एवढ्या पैशात पुण्यात शहराबाहेर कुठेतरी वन बीएचके मिळेल, तोही ताबा कधी मिळेल याची खात्री नसताना. मग इथेच का घेऊ नये?

नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सातारा, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतून बाहेर पडलेल्या अनेकांच्या घरात हा विषय निघतो. आई-वडिलांचा आग्रह असतो, मित्रांनी फ्लॅट बुक केलेले असतात आणि बिल्डरचा माणूस फोन करत असतो.

याचं उत्तर घराच्या किमतीत सापडत नाही. त्या घरात राहणार कोण, यावर ते ठरतं. घेणाराच राहणार असेल तर लहान शहरातलं घर अनेकदा चांगला सौदा ठरतं. पण 'आत्ता घेऊन ठेवू, पुढे बघू' असा विचार असेल तर तेच स्वस्त घर महाग पडतं. कसं, ते एका उदाहरणातून पाहू.

४२ लाखांचं घर नेमकं कितीला पडतं?

समजा, मूळचं नाशिकचं एक जोडपं पुण्यात नोकरी करतंय. पुण्यात ते महिना २५ हजार रुपये भाडं भरतात. नाशिकमध्ये त्यांना ४२ लाखांचा टू बीएचके आवडलाय, इमारतीचं काम सुरू आहे. (जोडपं, घराची किंमत आणि भाडी उदाहरणापुरती घेतली आहेत. करांचे दर आणि नियम सध्याचे आहेत.)

पहिला खर्च मुद्रांक शुल्काचा. महाराष्ट्रात बहुतेक महापालिका क्षेत्रांत स्थानिक अधिभार धरून ते ६ टक्के पडतं. पुण्यासारख्या मेट्रो अधिभार असलेल्या शहरांत ७ टक्के. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. ४२ लाखांवर ६ टक्क्यांनी झाले २ लाख ५२ हजार. त्यावर नोंदणी शुल्क १ टक्का, पण त्याला ३० हजारांची मर्यादा आहे. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ४२ हजार वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. अनेक जोडप्यांना हे रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेल्यावरच कळतं.

मग जीएसटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर तो ५ टक्के आहे. पण घर 'परवडणारं' या व्याख्येत बसलं तर फक्त १ टक्का. या व्याख्येत लहान शहरांचा मोठा फायदा आहे. मुंबई महानगरासारख्या ठरावीक महानगरांत कार्पेट क्षेत्राची मर्यादा ६० चौरस मीटर आहे, बाकी सगळीकडे ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६९ चौरस फूट. किमतीची मर्यादा मात्र सगळीकडे ४५ लाखच.

या ४५ लाखांत पार्किंग, विकास शुल्क, क्लब हाऊस असं बिल्डर जे जे आकारतो ते सगळं धरलं जातं. एकूण रक्कम ४५ लाख असेल तर जीएसटी ४५ हजार. तीच ४६ लाखांवर गेली तर थेट २ लाख ३० हजार. एक लाखाच्या पार्किंगपायी पावणेदोन लाखांहून जास्त कर वाढतो. त्यामुळे 'पार्किंगचं नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर ते नंतर न बघता बुकिंगआधीच कागदावर घ्यावं.

आपल्या जोडप्याला १ टक्का जीएसटी लागला असं धरू. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि जीएसटी मिळून ३ लाख २४ हजार होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के रक्कम मिळू शकते. हे टक्के मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ३३ लाख ६० हजार. उरलेले ८ लाख ४० हजार आणि वरचे ३ लाख २४ हजार मिळून ११ लाख ६४ हजार स्वतःच्या खिशातून जातात. पंखे, स्वयंपाकघर, पडदे यांचा हिशोब अजून सुरूही झालेला नाही.

व्याजदर ८ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर हप्ता येतो महिना सुमारे २८,१०० रुपये.

ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत आहे आणि देशात कुठेही पक्कं घर नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत मिळू शकते. पुण्यात ३५ लाखांच्या आतलं घर शोधताना दमछाक होते. लहान शहरात ते सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे या योजनेचा खरा उपयोग तिथेच होतो.

घर तिथे, नोकरी इथे

आता पुढची वीस वर्षं पाहू. जोडपं नाशिकला राहायला गेलं, तर तशाच घरासाठी तिथे समजा १२ हजार भाडं पडलं असतं. त्याऐवजी २८,१०० चा हप्ता जाईल. म्हणजे महिन्याला १६ हजार जास्त जातात, पण घर स्वतःचं होतं, मुलांची शाळा बदलावी लागत नाही, भिंतीत खिळा ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही. पगार तेवढाच राहिला तर हा सौदा वाईट नाही.

पण जोडपं पुण्यातच राहिलं आणि नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिला, तर चित्र वेगळं दिसतं. पुण्याचं भाडं २५ हजार, वर हप्ता २८,१००, त्यातून नाशिकचं भाडं १२ हजार वजा. महिन्याला ४१ हजारांच्या पुढे. वर्षात एखादा महिना फ्लॅट रिकामा राहिला तर वर्षाचं भाडं उरतं १ लाख ३२ हजार. पहिल्या वर्षीचं नुसतं व्याजच सुमारे २ लाख ६५ हजार आहे. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी मिळवली तर वर्षाला साधारण १ लाख ६० हजारांचा खड्डा पडतो. घराच्या किमतीच्या जवळपास ४ टक्के. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत घराची किंमत दरवर्षी ४ टक्के वाढली तर जोडपं कुठे जिथल्या तिथे राहील. करात गेलेले सव्वातीन लाख आणि अडकलेल्या स्वतःच्या पैशांवरचं व्याज यात धरलेलं नाही. शिवाय बांधकाम सुरू असेल तर ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि बँकेचं व्याज चालू.

आयकरात सूट मिळते ना, असा प्रश्न इथे हमखास येतो. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट आहे. नव्या करप्रणालीत ती नाही. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज नव्या प्रणालीतही भाड्यातून वजा होतं, पण भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. एजंट बहुतेक वेळा जुन्या प्रणालीचा हिशोब मांडून दाखवतात.

मग प्रश्न उरतो नोकरीचा. कोरोनाकाळात अनेकांनी लॅपटॉप घेऊन गाव गाठलं आणि 'आता इथूनच काम' असं ठरवून टाकलं. पुढे कंपन्यांनी लोकांना परत बोलवायला सुरुवात केली. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं. वीस वर्षांचं कर्ज घरून काम करण्याच्या परवानगीवर उभं करणं धोक्याचं आहे, कारण ती परवानगी एका ईमेलने रद्द होते.

लहान शहरात आणखी एक अडचण असते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तिथे एकेका कामाचे मालक मोजके असतात. पुण्यात एका कंपनीतून बाहेर पडलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला दुसरी नोकरी शोधताना शहर बदलावं लागत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये वाहन आणि विजेच्या उपकरणांशी संबंधित कारखाने आहेत, कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्री आहेत. त्या क्षेत्रातल्या माणसाला तिथे वाव आहे, डॉक्टर, शिक्षक आणि दुकानदारांनाही आहे. पण डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी गेली तर दुसरी बहुधा दुसऱ्या शहरातच मिळेल. अशा वेळी नाशिकचं घर भाड्याने देऊन पुन्हा पुण्यात भाड्याने राहायचं, म्हणजे वरचा ४१ हजारांचा हिशोब. म्हणून घर बघण्याआधी त्या शहरात आपल्याला नोकरी देऊ शकतील अशी किती ठिकाणं आहेत, ते मोजून पाहावं. एकच ठिकाण असेल तर थांबलेलं बरं.

विकायची वेळ आली तर?

घेणं सोपं असतं, कारण विकणारा तुमच्या मागे असतो. विकताना उलटं होतं. लहान शहरात नव्या घरांचा पुरवठा भरपूर असतो, शहराच्या कडेला मोकळी जमीन असते. त्यामुळे दहा वर्षं जुन्या फ्लॅटचा गिऱ्हाईक समोरच्या नव्या इमारतीतल्या सॅम्पल फ्लॅटकडे वळतो. शेवटी किंमत उतरवावी लागते किंवा महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरून त्या दराने कर लागतो. त्यानंतर विकलं तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरांना महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून दाखवण्याची जुनी सोय उरलेली नाही. मुद्रांक शुल्क आणि जीएसटीचे पैसेही कुणी परत देत नाही.

जमीन कुणाची, परवानगी कशाची

लहान शहरात सर्वाधिक फसगत कागदांत होते. मोठ्या शहरात प्रकल्प मोठे असतात, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका आधीच चार वेळा कागद तपासतात. लहान शहरात ओळखीवर व्यवहार होतात. 'आपलाच माणूस आहे' हे वाक्य ऐकलं की वकिलाची फी वाचवण्याचा मोह होतो.

पहिली गोष्ट रेरा. महाराष्ट्रात हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि लोकांना वाटतं की आता प्रत्येक इमारतीला त्याचं संरक्षण आहे. तसं नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. आणि लहान शहरातल्या गल्लीगल्लीत उभ्या राहणाऱ्या इमारती नेमक्या अशाच असतात: खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर दोन फ्लॅट. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून जमीन आणि बांधकामावरच खर्च करावी लागते आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सहा फ्लॅटच्या इमारतीत महारेरा नोंदणीच नसते, त्यामुळे प्रकल्पाच्या पैशांवर कुणी असं लक्ष ठेवत नाही. अशी इमारत वाईटच असते असं नाही, पण तिथे भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावरच मोठी रक्कम देणं शहाणपणाचं. मोठ्या प्रकल्पांच्या जाहिरातीत १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावरची प्रकल्पाची माहिती, मंजुऱ्या आणि ताब्याची तारीख दिसते.

दुसरी गोष्ट जमिनीची. शहराची हद्द वाढत जाते आणि कालचं शेत आज प्लॉट होतं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जमीन कुणाच्या नावावर आहे, इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचा बोजा किंवा दावा आहे का, हे पाहावंच लागतं. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलेलं असेल तर ती जमीन शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. बिनशेती आदेश किंवा सनद मागायची. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा. या कामाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

गुंठेवारी हा शब्द कानावर आला तर जास्तच सावध व्हावं. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे करून, मंजूर आराखड्याशिवाय विकलेल्या या वसाहती. राज्यात त्यांना नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ती संधी दिली. म्हणजे अशी सगळीच घरं कायमची बेकायदा नसतात. पण 'नियमित होणारच आहे' आणि 'नियमित झाल्याचं प्रमाणपत्र आहे' यांत फरक आहे. तो सगळ्यात आधी बँकेच्या कर्ज विभागात जाणवतो.

तिसरी गोष्ट रोखीची. करार ३० लाखांचा करू, बाकीचे बारा रोख द्या, मुद्रांक शुल्क वाचेल, असा प्रस्ताव आजही येतो. त्यात घेणाराच अडकतो. बँक कर्ज देते ते कराराच्या रकमेवर. पुढे घर विकताना खरेदीची किंमत ३० लाखच धरली जाते, म्हणजे नफा कागदावर फुगतो आणि कर वाढतो. व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा नसतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे.

नळाला पाणी किती दिवसांनी येतं?

सॅम्पल फ्लॅटमध्ये हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं, 'बोअर आहे ना.' एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा शहरातल्या बोअरचं काय झालं हे लातूरकर सांगू शकतील. छत्रपती संभाजीनगरजवळ जायकवाडीसारखं मोठं धरण आहे, तरी शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येत आलंय. सोलापूरकरांनाही उजनी धरण असताना हा अनुभव आहे. त्यामुळे शहराबद्दल नको, त्या सोसायटीबद्दल विचारावं: पाणी किती दिवसांनी येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, त्याचे पैसे कोण भरतं. बिल्डरपेक्षा शेजारच्या इमारतीचा वॉचमन याचं खरं उत्तर देतो.

पाणी जास्त झाल्यावर काय होतं, हेही पाहायला हवं. कोल्हापूर आणि सांगलीने २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर पाहिला, चिपळूण जुलै २०२१ मध्ये बुडालं. नदीकाठच्या शहरांत पूररेषा आखलेल्या असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. प्लॉट कुठल्या रेषेच्या आत येतो, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. नाशिकमध्ये पूर किती आला हे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या गळ्याशी आलं होतं तेव्हा आपण बघतोय त्या गल्लीत कुठवर होतं, हे तिथल्या जुन्या माणसाला विचारायला काहीच खर्च येत नाही.

'मेट्रो येणार आहे'

लहान शहरातली घरं विकताना भविष्यही विकलं जातं. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि बिल्डरांच्या माहितीपत्रकांत मेट्रोची चित्रं आली. मेट्रो आली नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची चर्चाही अनेक वर्षं सुरू आहे.

याउलट समृद्धी महामार्ग प्रत्यक्ष उभा राहिला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. नाशिक-मुंबई प्रवासात कसारा घाटाला पर्याय मिळाला. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. वकील, पक्षकार, कर्मचारी या सगळ्यांची ये-जा वाढली, म्हणजे काही भागांत घरांना आणि ऑफिसांना खरी मागणी आली. जे सुरू झालंय त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. जे येणार आहे त्याचे पैसे बिल्डरला आत्ताच का द्यायचे?

आई-वडिलांसाठी घ्यायचं असेल तर

इथे भाडं, परतावा वगैरे बाजूला ठेवता येतं. लिफ्ट आहे का, रुग्णालय किती मिनिटांवर आहे, सोसायटीत त्यांच्या वयाची माणसं आहेत का, एवढंच बघायचं. पण त्याआधी एक प्रश्न त्यांनाच विचारावा: त्यांना नवीन फ्लॅट हवाय की जुन्याच घरात कमोड, कठडा आणि गळतं छत दुरुस्त करून? पस्तीस वर्षं एका गल्लीत राहिलेल्या माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाचा आठवा मजला तुरुंगासारखा वाटू शकतो. जुन्या घरावर काका-आत्यांचाही हक्क असेल तर दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी हक्कसोडपत्राचा विषय मिटवावा.

आधी वर्षभर भाड्याने

नोकरीचं पक्कं आहे, शहर ओळखीचं आहे, तरी घाई करायला लागू नये यासाठी एक साधी सोय आहे. आपल्या जोडप्याने ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर ज्या भागात घर घ्यायचंय तिथेच भाड्याने राहून पाहिलं, तर १२ हजारांप्रमाणे १ लाख ३२ हजार जातात. घर घेऊन पस्तावल्यास नुसत्या करात बुडणारी रक्कम याच्या जवळपास अडीचपट आहे. या काळात किमती थोड्या वाढतीलही. पण लहान शहरात सहसा दुसरी इमारत, दुसरा फ्लॅट समोर उभाच असतो.

हे ११ महिने जमलं तर मार्च ते जानेवारी असे घ्यावेत. त्यात टँकरचा मे महिना येतो, रस्ता पाण्याखाली जाणारा जुलै येतो आणि शाळा सुरू होतानाचा जूनही येतो. संध्याकाळी सातनंतर त्या भागात रिक्षा मिळते का, दिवसात किती वेळा वीज जाते, पुण्याहून रविवारी रात्री परतायला किती तास लागतात, हे सगळं तोवर कळलेलं असतं. दिवाळीत बिल्डरच्या ऑफर्स येतात, आणि तोपर्यंत त्याच भागातल्या दोन-तीन इमारतींमधल्या रहिवाशांशी ओळख झालेली असते.